टायर निघत नाही तेव्हा

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर महिनाभर पडद्याकडे बघायचं नाही अशी सक्त ताकीद होती, म्हणून इकडे शुकशुकाट होता. मुदत संपली आणि पहिला विषय मिळाला तो नातवाकडून.

तर झालं असं. रात्री साडेदहाला पुण्याहून त्याचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर चेहरा नव्हता, सायकलचं चाक होतं.

"आजोबा, हे बघा. टायर निघतच नाही. दोन लिव्हर मोडले." त्याने तुकडे कॅमेऱ्यासमोर धरले. निळ्या प्लास्टिकचे, टोकाशी मोडलेले. "आता स्टीलचे मागवू का? की दुसरा कुठला चांगला ब्रँड आहे?"

इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या सत्तरीपलीकडच्या मास्तराला हा प्रश्न कुणी विचारला याचाच मला आनंद झाला. घरात एरवी माझा सल्ला फक्त शुद्धलेखनापुरता घेतात. "उद्या सांगतो," म्हणालो.

"एवढ्यासाठी उद्या?"

"हो, उद्या."

त्याला काय सांगणार, की टायर काढायच्या त्या वीतभर पट्टीबद्दल मला जे सांगायचंय ते पन्नास वर्षं तुंबून राहिलंय.

आमचं करंजा उरणजवळचं, द्रोणागिरीच्या पायथ्याचं. (विदर्भातलं कारंजा वेगळं. हे दर वेळी सांगावं लागतं.) 1882 सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ते पनवेल तालुक्याखाली सापडतं. तेव्हा उरण आणि करंजा मिळून हे बेटच होतं, भोवती खाडी आणि मिठागरं. आधी पोर्तुगीजांकडे, मग मराठ्यांकडे, आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे पक्कं झालेलं. आता सायकलच्या टायरात सालबाईचा तह कुठून आला असं विचारू नका. मास्तरच्या लेखात एखादा तह यायचाच. पण मिठागरांचा मात्र टायरशी थेट संबंध आहे.

इथली हवा खारी. लोखंडाला इथे आयुष्य कमी. खिडकीचे गज, विहिरीचा रहाट, शाळेची घंटा, सगळ्यावर तांबूस पापुद्रा. सायकलच्या रिमवरचा मुलामा एकदा उडाला की आतून गंज चढतो, गंज फुगतो, आणि टायरचा काठ त्याला असा चिकटतो की जणू डिंकाने बसवलाय. माझ्याकडे 1972 पासून एक सेकंडहँड बावीस इंची हर्क्युलस होती. पहिल्या मालकाने ती बहुधा मिठागरावरच वापरली असावी. तिचं पंक्चर काढायचं म्हणजे अर्धी लढाई टायर सोडवण्याचीच.

ही लढाई उरणच्या नाक्यावरचे सायकलवाले मामा लढायचे. दुकान म्हणजे एक पत्र्याची टपरी, घमेल्यात पाणी, एक कानस, सोल्यूशनची ट्यूब, भिंतीला लटकलेल्या जुन्या ट्यूबा. आणि दोन पट्ट्या. लोहाराकडून ठोकून घेतलेल्या, वापरून वापरून टोकं चांदीसारखी गुळगुळीत झालेल्या. आमचे लोक त्याला टायर लिव्हर वगैरे म्हणत नसत, नुसतं "पट्टी दे रे" म्हणायचे.

मामांची पद्धत मी किती वेळा बघितली असेल! आधी व्हॉल्व्ह काढून सगळी हवा सोडायची, उरलीसुरलीसुद्धा. मग चाक जमिनीवर आडवं टाकून टायरच्या कडेवर टाच रोवत गोल फिरायचं, दोन्ही बाजूंनी. गंज सुटल्याचा कटकट आवाज यायचा. फारच चिकटलेला असेल तर साबणाच्या पाण्याचा एक हात. रॉकेल कधीच नाही. रॉकेलने रबर फुगतं, ते म्हणायचे, उद्या टायर सुटेल पण परवा फाटेल. मग दोन्ही हातांनी टायर चिमटीत धरून त्याचे दोन्ही काठ रिमच्या मध्यात ढकलत पूर्ण चाकावर फिरायचं. आणि एवढं सगळं झाल्यावर पट्टी. ती घातली की टायर निमूट बाहेर.

एकदा मी उतावीळपणे पट्टी हातात घेऊन ओढायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. "मास्तर, जोर नको. त्याला जागा द्या."

हे वाक्य मला तेव्हा ऐकायला आलं, कळलं नाही.

कळायला इतिहास वाचावा लागला, म्हणून तो थोडक्यात सांगतो. हवेच्या टायरची पहिली कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनची, पेटंट 1845 चं. बग्गीच्या चाकांसाठी. सायकलचा जमाना यायचा होता, त्यामुळे कल्पना विस्मृतीत गेली. 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच गोष्ट नव्याने शोधली. दोन वर्षांनी थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आलं आणि डनलॉपचं पेटंट टिकलं नाही, पण नाव मात्र त्याचंच राहिलं. इतिहासात हे नेहमीचंच.

डनलॉपच्या त्या पहिल्या टायरला लिव्हर लागतच नव्हता, कारण तो निघतच नव्हता! रबराची नळी चाकावर कापडाच्या पट्ट्यांनी गुंडाळून डिंकाने चिकटवलेली असे. पंक्चर झालं की सगळं सोडवायचं, ठिगळ लावायचं, पुन्हा गुंडाळायचं, पुन्हा चिकटवायचं आणि वाळायची वाट बघायची. फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंच्या कारखान्यात 1889 मध्ये असाच एक सायकलस्वार बिघडलेला टायर घेऊन आला. दुरुस्तीला तास गेले आणि वाळायला रात्र. तिथून एदुआर मिशलँच्या डोक्यात सुटा टायर शिरला. 1891 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेरोंने त्या टायरवर सुमारे 1200 किलोमीटर 72 तासांच्या आत पार केले आणि पहिला आला. तेरों शर्यत जिंकला, पण खरं तर पंक्चर काढायचा वेळ जिंकला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष त्याच्या आधीचं, 1890. त्या एका वर्षात दोन पेटंटं निघाली. एडिंबरोमध्ये रबराचा कारखाना चालवणाऱ्या विल्यम बार्टलेट या अमेरिकन माणसाने टायरच्या काठाला रबराची जाड दुमड दिली. ती रिमच्या आत वळलेल्या कडेखाली अडकायची आणि हवेच्या दाबाने तिथेच राहायची. इंग्लंडच्या चार्ल्स किंग्स्टन वेल्चने दुसरा रस्ता धरला. त्याने टायरच्या दोन्ही काठांत तारेची बंद कडी घातली. ताणली न जाणारी. डनलॉप कंपनीने दोन्ही पेटंटं विकत घेऊन टाकली. पुढे सायकलीत वेल्चची तार टिकली. गंमत अशी की आज इंग्रजीत अशा टायरला जे "क्लिंचर" म्हणतात ते नाव बार्टलेटच्या हरलेल्या टायरचं आहे.

आता त्या तारेचा विचार करा. ती ताणत नाही, हाच तिचा गुण. ताणली गेली असती तर भरलेल्या हवेने टायर रिमवरून उडून गेला असता. पण रिमची कड त्या तारेच्या कडीपेक्षा मोठी आहे. मग न ताणणारी लहान कडी मोठ्या कडेवरून बाहेर काढायची कशी? ओढून? तार तुटेल, पट्टी मोडेल, बोट चेचेल. ती निघणार नाही.

उत्तर रिमच्या पोटात आहे. रिम मधोमध खोलगट असते, घळीसारखी. तारेचा बराचसा भाग या घळीत उतरवला की उरलेल्या भागाला सैलपणा मिळतो. नववीच्या भूमितीएवढंच गणित आहे. समजा घळ बाजूच्या बैठकीपेक्षा 3 मिलिमीटर खोल आहे. वर्तुळाची त्रिज्या 3 मिलिमीटरने कमी झाली की परीघ 2 गुणिले पाय गुणिले 3, म्हणजे जवळजवळ 19 मिलिमीटरने कमी होतो. ही दोनेक सेंटिमीटर तार मोकळी झाली. तेवढीच तर हवी असते.

मामा दोन्ही हातांनी टायर चिमटीत धरून चाकभर फिरायचे ते हेच. त्याला जागा द्या म्हणजे तारेला घळीत जागा द्या. ते वेल्चचं नाव ऐकून होते असं मला वाटत नाही, आणि ऐकायची त्यांना गरजही नव्हती.

आपल्याकडची सायकल पुढे कशी आली हे सगळ्यांना साधारण ठाऊक आहे. आधी विलायती, मग 1939 मध्ये मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, स्वातंत्र्यानंतर मद्रासकडे टीआय, सोनीपतला अ‍ॅटलास, लुधियान्याला 1956 पासून हिरो. टायरसाठी बंगालमधल्या साहागंजचा डनलॉपचा कारखाना 1936 चा. आज तोही बंद पडलेला आहे. 1942 मध्ये मलाया आणि सिंगापूर जपानच्या हातात गेलं आणि रबर दुर्मिळ झालं. माझे वडील सांगायचे, त्या दिवसांत फाटलेल्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा, ज्याला गेटर म्हणत, लावून वर्षानुवर्षं चालवत. गेटर घातलेला टायर पुन्हा बसवणं हे आणखी एक दिव्य, कारण तो तुकडा घळीतली जागाच खातो.

पण जे सांगायला बसलोय ते वेगळंच.

वर्गात मी एक गोष्ट दर वर्षी सांगायचो. 15 ऑक्टोबर 1923 ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे इराण, इराक, सिनाईचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन, ब्रह्मदेश असे करत 18 मार्च 1928 ला परत आले. एकूण सुमारे 71,000 किलोमीटर. पुढे 1931 मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. मुलं डोळे विस्फारून ऐकायची. मी फळ्यावर नकाशा काढून वाळवंटात खडूचे ठिपके द्यायचो.

1974 च्या सुमारास एका मुलीने हात वर केला. करंजा कोळीवाड्यातली, वर्गात फारसं न बोलणारी. "सर, वाळवंटात त्यांचं पंक्चर कोण काढायचं?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "स्वतःच काढायचे. प्रवासाला निघालेल्या माणसाला स्वतःची दुरुस्ती स्वतः करता आली पाहिजे."

"तुम्हाला येतं, सर?"

"येतं की!"

येत नव्हतं. मी मामांना बघितलं होतं, एवढंच. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मास्तराला भरल्या वर्गात "नाही" म्हणणं किती जड जातं हे ज्यांनी शिकवलंय त्यांना कळेल.

पुढचं वर्ष 1975. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावी पहिल्यांदा होत होती, मार्चमध्ये. आमच्या मुलांचं केंद्र उरणला. करंजाहून चार-पाच किलोमीटर. गाडीची वेळ आणि पेपरची वेळ जुळत नव्हती. तिचे वडील होडीवर, आई मासळी घेऊन पहाटेच बाजाराला. घरात शिकणारी ही पहिली. मी तिच्या आईला सांगितलं होतं, काळजी करू नका, पेपरांच्या दिवशी मी माझ्या सायकलवरून नेऊन सोडेन. चार पेपर व्यवस्थित झाले. पाचवा इतिहासाचा होता. माझाच.

आदल्या संध्याकाळी मागचं चाक बसलं. मामांचं दुकान उरणला, अंधार पडलेला. मनात म्हटलं, येतं की आपल्याला! घरात पट्टी नव्हती. मी स्क्रूड्रायव्हर घेतला.

आज लिहितानाही हाताला तो झटका आठवतो. टायर गंजाने चिकटलेला. टाचेने सोडवणं वगैरे मला आठवलंच नाही, किंवा आठवलं पण वेळ नव्हता. स्क्रूड्रायव्हर खुपसून, पाय देऊन मी टायर उचकटला. निघाला. ट्यूबवर ठिगळ लावलं, ते बरं लागलं. पण बसवताना शेवटची वीतभर कड काही केल्या आत जाईना. पुन्हा स्क्रूड्रायव्हर. आत खुपसला, उचलला, कड टक् करून बसली. पंपाने हवा भरली, टायर दगडासारखा झाला. मी स्वतःवर खूश होऊन झोपलो.

सकाळी चाक जमिनीला टेकलेलं होतं. नंतर मामांनी ट्यूब पाण्यात धरली तेव्हा दोन बारीक चिरा दिसल्या, शेजारी शेजारी. स्क्रूड्रायव्हरच्या धारेने रिमवर चेपलेली ट्यूब. रात्रभर हळूहळू हवा गेली होती.

ती दारात उभी होती, दप्तर, पाण्याची बाटली, पॅड. मी पंप मारून बघितला, हवा तशीच बाहेर. मग आम्ही चालायला लागलो, मग धावायला. मार्चचं ऊन, मिठागरांचा पांढरा चकचकाट, वाटेत एकही वाहन नाही. केंद्रावर पोचलो तेव्हा पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. आत घेतलं तिला. पण ती धापा टाकत होती, हात थरथरत होता. शेवटचा नकाशाचा प्रश्न राहिला, असं तिने बाहेर आल्यावर सांगितलं. नकाशा! मी वर्षभर फळ्यावर काढत होतो तो.

तिने विचारलं, "सर, पंक्चर कसं झालं?"

मी म्हणालो, "बाभळीचा काटा."

ती पास झाली, सेकंड क्लासमध्ये. पहिला वर्ग चार-पाच मार्कांनी गेला. पुढे नर्सिंगला गेली, तिथे काही अडलं नाही. निवृत्तही झाली. तिला नातवंडं आहेत आणि ती हा ब्लॉग वाचते. दोन-तीनदा तिने खाली कॉमेंटही टाकलीय. समोर भेटलो तेव्हा मी कधी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो. काटा नव्हता, बाई. स्क्रूड्रायव्हर होता.

असो.

त्या पेपरानंतरच्या रविवारी मी मामांकडे गेलो आणि म्हणालो, मला शिकवा. दोन तास बसवून घेतलं त्यांनी. पैसे घेतले नाहीत, पण तीन गिऱ्हाइकांची पंक्चरं मात्र माझ्याकडून काढून घेतली.

आता नातवाच्या प्रश्नाकडे. दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला: टायरवर कडेला काय छापलंय वाच.

कारण हट्टी टायरचं पहिलं कारण बऱ्याचदा लिव्हर नसतोच, माप असतं. आपल्या जुन्या रोडस्टर सायकलींना 28 इंच म्हणत, आणि आजच्या कित्येक नव्या सायकलींच्या टायरवरही 28 इंच लिहिलेलं सापडतं. पण पहिल्याची बैठक 635 मिलिमीटर व्यासाची आणि दुसऱ्याची 622. तेरा मिलिमीटरचा फरक, म्हणजे परिघात जवळजवळ 41. 622 चा टायर 635 च्या रिमवर जगातल्या कुठल्याही लिव्हरने बसणार नाही. म्हणून इंच बघायचेच नाहीत. कडेला जी 40-635 किंवा 37-622 अशी जोडी छापलेली असते तिच्यातला दुसरा आकडा बघायचा. त्याचं माप बरोबर होतं.

दुसरा प्रश्न: रिम कसली? त्याची "ट्यूबलेस-रेडी". ट्यूबशिवाय हवा धरणाऱ्या सायकल टायरांचं युग 1999 च्या सुमारास माव्हिक आणि मिशलँ वगैरेंनी सुरू केलं. (पुन्हा मिशलँ! शंभर वर्षांनी तेच घराणं.) हवा निसटू नये म्हणून अशा रिमवर टायरची कड एका उंच, घट्ट कट्ट्यावर जाऊन बसते. त्यामुळे ती सोडवायलाही जड. शिवाय घळीत रिम टेप असते. टेप एक मिलिमीटर जाड असली तर सहा मिलिमीटर सैलपणा गेला, पुन्हा तेच 2 गुणिले पाय. त्याच्या दुकानदाराने टेपचे दोन थर दिले होते.

मग लिव्हर. हर्क्युलसच्या काळी रिम पोलादी, ब्रेक रॉडचे. ब्रेकचे रबर रिमला खालून, आतल्या अंगाने लागायचे, कडेला नव्हे. कड थोडी खरचटली तरी बिघडत नसे, म्हणून पोलादी पट्टी चालायची. आता अ‍ॅल्युमिनियमच्या रिम आल्या. ज्यांना कडेवर दाबणारे ब्रेक आहेत तिथे पोलादी लिव्हरने उठलेला ओरखडा ब्रेकचं रबर खातो. ट्यूबलेस रिमला खरचटलं तर हवा गळू शकते. कार्बनच्या रिमला पोलाद लावणं म्हणजे पितळी हंड्यावर छिन्नी. तेव्हा स्टील नको. नायलॉनचे घे, काचतंतू मिसळलेले असले तर आणखी बरे. स्वस्त प्लास्टिक वाकतं आणि टोकाशी मोडतं. पोलादाचा गाभा आणि वरून प्लास्टिक असेही मिळतात, ते चांगले, पण टोकाचं प्लास्टिक झिजून आतलं पोलाद दिसायला लागलं की टाकून द्यायचे.

विकत घेताना टोकाकडे बघ. टोक जाड असेल तर घट्ट काठाखाली शिरणारच नाही, फार धारदार असेल तर माझ्या स्क्रूड्रायव्हरचा भाऊ. पातळ, रुंद आणि गोलसर, चमच्याच्या दांड्यासारखं हवं. लांबी जास्त असली तर जोर जास्त मिळतो, पण जोर जास्त मिळणं ही नेहमी चांगली गोष्ट नाही. मागे आरीला अडकवायचा आकडा असावा. संच तीनचा घे: पहिला घालून आरीला अडकवायचा, दोन आऱ्या सोडून दुसरा, आणि मग पहिला सुटून पडला तरी तिसरा असतो. ज्यांच्या बोटांत ताकद उरलेली नाही, म्हणजे माझ्यासारख्यांना, लांब दांड्याचं एक चिमट्यासारखं साधन मिळतं, ते एका कडेवर टेकवून दुसरी कड उचलून आत घालतं. ट्यूबला ते शिवत नाही. घरी ठेवायला उत्तम, खिशात मावत नाही.

बसवताना मात्र लिव्हर शक्यतो नकोच. ट्यूबमध्ये नावापुरती हवा भरायची, म्हणजे ती गोल राहते आणि कडेखाली येत नाही. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला सुरुवात करायची आणि व्हॉल्व्हपाशी संपवायचं, कारण व्हॉल्व्ह असतो तिथे तार घळीत उतरू शकत नाही. शेवटची वीत राहिली की थांबायचं. ओढायचं नाही. मागे फिरून उरलेल्या चाकावर पुन्हा एकदा कड घळीत ढकलत यायची. साबणाचं पाणी किंवा शंखजिऱ्याची पूड. मग अंगठ्याने, तळहाताच्या गादीने. बसल्यावर व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडायचा, खाली ट्यूब अडकली असेल तर सुटते.

एवढं सगळं ऐकून तो म्हणाला, "आजोबा, पण आत्ता माझ्याकडे लिव्हर नाहीच आहेत. दोन्ही मोडले."

"मग आधी टाच वापर."

फोन त्याने टेबलावर उभा करून ठेवला. चाक फरशीवर आडवं टाकलं, बूट घातले आणि गोल फिरायला लागला. तिसऱ्या फेरीला कट् असा आवाज आला. त्याने चमकून पडद्याकडे बघितलं. इथे गंज नव्हता, कड कट्ट्यावरून सुटली होती. मी म्हटलं, आता दुसरी बाजू. मग दोन्ही हातांनी चिमटीत धरून चाकभर. दोनदा कर. व्हॉल्व्हच्या समोरून ओढ.

वीतभर सैल भाग वर आला. त्याने त्यात अंगठे घातले आणि कड रिमवरून बाहेर काढली. लिव्हरशिवाय.

"निघाला!" तो ओरडला. पलीकडच्या खोलीतून सूनबाईंचा आवाज आला, "काय निघालं?"

टेपचा एक थर काढून टाकायला सांगितलंय. नायलॉनचे तीन लिव्हर त्याने तरीही मागवले, ते शुक्रवारी येणार आहेत.